मिठाचा नेम

धारवाडच्या मळमड्डीत जाऊन नुसतं ‘लीलाबाईंचं घर कुठलं’ म्हणून विचाराल तर कुणी धड सांगणार नाही. लीला नावाच्या बायका तिथं पैशाला पासरी. पण अळणावरच्या बाजूला कुठल्याही खेड्यात जा आणि ‘उप्पिनक्का’ म्हणा. एखादी म्हातारी चुलीपुढून उठून दारात येईल आणि उलट तुम्हालाच विचारेल, "कशी आहे हो ती? बरी आहे ना?" उप्पु म्हणजे मीठ. मिठाची अक्का! एकतीस वर्षं अंगणवाड्यांवर देखरेख करायची नोकरी केली या बाईनं, आणि त्यातली निम्मी तरी लोकांच्या मिठाच्या डब्यात नाक खुपसण्यात गेली.

पिशवीत एक इवलीशी बाटली असायची. घरात शिरायचं, चिमूटभर मीठ बशीत मागून घ्यायचं, त्यावर थेंब टाकायचा. मीठ जांभळं झालं तर त्यात आयोडीन आहे, शाबास. पांढरंच राहिलं तर मग त्या घरच्या बाईची काही खैर नसे. अर्धं कानडी, अर्धं मराठी, लीलाबाईंचं व्याख्यान सुरू. "हे खड्याचं मीठ लोणच्याला ठेव. सून पोटुशी आहे ना? तिला पाकिटातलंच घाल. पोराचं डोकं पोटातच घडतं बाई. तिथं कमी पडलं तर मग शाळेत घालून मास्तरच्या नावानं ओरडू नको." बायका मान डोलवायच्या, "हौदरी अक्का, हौदरी," आणि पुढच्या खेपेला खरंच पाकीट दाखवायच्या. लीलाबाईंना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

तर अशा या बाईच्या स्वतःच्या स्वैपाकघरात दोन वर्षं बिनआयोडीनचं मीठ होतं. आणि सून पोटुशी. आता यावर हसायचं की रागवायचं ते तुम्ही ठरवा, फक्त सगळं ऐकून घेऊन ठरवा एवढंच म्हणणं आहे.

सून म्हणजे सावनी. माहेर बेळगावचं, नोकरी हुबळीत बँकेत, रोज सकाळी चिगरी नावाच्या शहरबसनं जायची आणि संध्याकाळी सातला दमून यायची. मुलगा श्रीहर्ष गोकुळ रोडवर एका वॉल्व्हच्या कारखान्यात. लग्नाला चौथं वर्ष लागलं तेव्हा सावनीला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात ते पोटातच गेलं. सावनी आठ दिवस रडली आणि नवव्या दिवशी कामावर गेली. लीलाबाई मात्र घरातून बाहेर पडेनात. पोरीचं ते कोरडं तोंड त्यांना बघवेना. शेवटी एका शनिवारी त्या नुग्गीकेरीच्या मारुतीला गेल्या, डोळे मिटले आणि बोलून बसल्या, "मारुतीराया, सावनीला मूल होऊ दे. ते सुखरूप होईपर्यंत मी जेवणातलं मीठ सोडलं."

बोलून झालं आणि परतताना रिक्षात डोक्यात उजेड पडला. मीठ सोडून जगायचं कसं? भाकरी, आमटी, भात, सगळं अळणी? मग त्यांना आठवलं, उपासाला सैंधव चालतं की. म्हणजे नेमालाही चालेल. एवढी सवलत त्यांनी रिक्षा मळमड्डीत शिरायच्या आतच स्वतःला देऊन टाकली. देवाला विचारलं नाही, पण देवानं नकोही म्हटलं नाही.

खरी अडचण पुढं होती. नेम सांगायचा नसतो, नुसता पाळायचा असतो, असं त्यांच्या आईनं लहानपणी बजावलेलं. सांगितला की तो वाया गेला. आणि घरात आमटीचं पातेलं एकच. आपल्यापुरती वेगळी आमटी काढायची तर मुकुंदराव विचारणार. मुकुंदराव म्हणजे यजमान, निवृत्त वकील. त्यांनी एकदा प्रश्न विचारायला सुरुवात केली की समोरचा पार गळून पडेपर्यंत थांबत नाहीत. तेव्हा लीलाबाईंनी सोपा मार्ग काढला. पांढरं सैंधव आणलं, खलबत्त्यात बारीक कुटलं आणि मिठाच्या बरणीत भरून टाकलं. सगळ्या घरालाच नेम लावला आणि घराला पत्ता नाही.

मुकुंदराव एकदा म्हणाले, "अगं, आमटी अशी का लागते हल्ली?"

"तुमची जीभ म्हातारी झाली," लीलाबाई म्हणाल्या. विषय मिटला.

तुम्ही विचाराल, या बाईला कळत नव्हतं का? कळत होतं हो. पण ते सगळं नोकरीतलं होतं. ते दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगायचं असतं, बाटलीतले थेंब टाकून. आपल्या घरी आपण सून-मुलगा-यजमान असे असतो, आपण काही सरकारी तक्त्यातली माणसं नसतो. शिवाय तेव्हा सावनी पोटुशी नव्हतीच. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायची, संध्याकाळी बसस्टॉपवर गिरमिट, म्हणजे तिथली चुरमुऱ्यांची तिखट भेळ, खायची. घरच्या मिठानं काय अडणार होतं?

आणि मग दोन वर्षांनी दिवस गेले. लीलाबाईंचा आनंद गगनात मावेना. आता तर नेम फळाला आला होता. फळाला आलेला नेम अर्ध्यावर कोण मोडतं? उलट त्यांनी कंबर कसली. बाहेरचं खाणं बंद. कॅन्टीन बंद, गिरमिट बंद. सकाळी सहाला उठून त्या डबा करून द्यायच्या, दोन भाज्या, दही नाही कारण सर्दी होईल, ताक नाही कारण थंडीचे दिवस. दुधाचा तर सावनीला वासच सहन होईना, कप पुढं केला की ती नाक दाबून मोरीकडे पळायची. म्हणजे पोटात जायचं ते फक्त लीलाबाईंच्या हातचं, आणि त्या हातात सैंधव. एवढ्या मायेनं एवढी चूक क्वचितच कुणी केली असेल.

अकराव्या आठवड्यात सावनी फार थकायला लागली. केस गळत होते, सकाळी उठवेना. "पोटुशीला असं होतंच," लीलाबाई म्हणाल्या. पण उणकलच्या तळ्याजवळ ज्यांचा दवाखाना होता त्या डॉक्टर दीपालींनी रक्त तपासायला लावलं आणि चौथ्या दिवशी दोघींना बोलावून घेतलं. डॉक्टर वयानं सावनीपेक्षा थोड्याच मोठ्या, बोलणं मऊ पण नजर पक्की. त्यांनी सावनीच्या गळ्यावरून बोटं फिरवली.

"थोडी सूज आहे इथं. गिळ बघू. हं. थायरॉईड कमी पडतंय सावनी. घाबरायचं नाही, गोळी आहे त्याला. पण आत्ता सापडलं ते बरं झालं. या पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, सगळं आईकडूनच घेतं ते. मेंदूची वाढसुद्धा."

लीलाबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या कानात त्यांचाच आवाज घुमत होता. हेच, शब्दन्‌शब्द हेच, त्यांनी कानडीत हजार दारांत उभं राहून सांगितलं होतं. 

"काकू," डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या, "घरात मीठ कुठलं वापरता?"

आता बघा, इथं एक वाक्य बोलायचं होतं. ‘सैंधव’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण ते म्हटलं की सावनी विचारणार ‘कधीपासून’, मग ‘का’, आणि मग नेम बाहेर येणार. नेम बाहेर आला म्हणजे तो वाया, आणि नेम वाया गेला म्हणजे... पुढचं लीलाबाईंना मनातसुद्धा म्हणवेना. आणि दुसरं, खोटं कशाला बोला, लाजही होती. उप्पिनक्काच्या घरात हे!

"पाकिटातलं," त्या म्हणाल्या. "आयोडीनचं."

"छान. मग मिठाचा प्रश्न नाही," डॉक्टर लिहू लागल्या. "मग कारण दुसरं शोधावं लागेल. गोळी आजपासून सुरू करू. आणखी एक रक्ताची तपासणी, गळ्याची सोनोग्राफी. सावनी, तुमच्या माहेरी कुणाला थायरॉईड?"

"मला ठाऊक नाही. आईला विचारते," सावनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

घरी आल्याबरोबर लीलाबाई चप्पल न काढता किराणा दुकानात गेल्या आणि आयोडीनच्या मिठाची दोन पाकिटं घेऊन आल्या. बरणी रिकामी केली, धुतली, पुसली, भरली. त्या संध्याकाळपासून आमटीत मीठ घालायच्या आधी स्वतःपुरती वाटीभर काढून ठेवायची आणि तीत सैंधवाची चिमूट टाकायची असं त्यांनी सुरू केलं. मुकुंदरावांनी पहिलाच घास घेतला आणि म्हणाले, "वा! आज आमटी जमली." लीलाबाईंना वाटलं, झालं, निस्तरलं. देवाचा नेम राहिला, सुनेला मीठ मिळालं, कुणाला काही कळलं नाही. आधीच एवढं धाडस केलं असतं तर किती बरं झालं असतं, एवढंच.

पण तसं ते निस्तरायचं नव्हतं. सावनीनं बेळगावला आईला फोन केला. तिची आई शुभांगीताई. आमच्याकडे कुणाला काही नाही, त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, मावशीला विचारलं, आत्येला विचारलं, एका चुलत आजीचा गळा जरा मोठा होता म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्या फोनवर रडल्या. मुलीला आपल्याकडूनच काहीतरी गेलं असं त्यांनी मनाशी धरलं होतं. श्रीहर्ष इंटरनेटवर वाचून वाचून भलतंसलतं सांगत होता. मुकुंदरावांनीही एकदा, त्यांच्या मते अगदी सहज, विचारलं, "सावनीच्या घराण्यात पूर्वी काही होतं का?" लीलाबाई त्यांच्यावर केवढ्या तरी खेकसल्या. ते बिचारे वर्तमानपत्रामागं गेले.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, लीलाबाई मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. पलीकडे सावनी आईशी बोलत होती. आवाज हळू होता, पण दार उघडं होतं.

"नाही ग आई, तुझ्याकडून नसेल. माझ्यातच काहीतरी खोट आहे. पहिलं बाळसुद्धा म्हणूनच गेलं असणार. डॉक्टर म्हणतात ना, मेंदूची वाढ... मी त्याला काय दिलं असेन ग? माझ्यात होतं ते?"

लीलाबाईंच्या हातात श्रीहर्षचा शर्ट तसाच राहिला. सावनीच्या पहिल्या बाळाच्या वेळी घरात पाकिटातलंच मीठ होतं, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. पण ते सावनीला कसं कळणार? तिला काहीच माहीत नव्हतं. जे माहीत होतं ते एकट्या लीलाबाईंना, आणि त्या घड्या घालत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रक्ताची तपासणी होती. पोरीच्या दंडात सुई जाणार, गळ्याची सोनोग्राफी होणार, आणि नसलेल्या दुखण्याचा माग काढत सगळे तिच्या घराण्यात शिरणार. का? तर या बाईनं डॉक्टरला तोंडावर खोटं सांगितलं म्हणून.

मग त्यांनी हिशेब केला, अगदी साधा. सांगितलं तर नेम जाईल. नेम गेला तर कदाचित मूल जाईल, असं त्यांचं भ्यालेलं मन म्हणत होतं. नाही सांगितलं तर मूल राहील, पण त्याच्या आईला आयुष्यभर वाटत राहील की आपल्यात खोट आहे. आणि डॉक्टर चुकीच्या दिशेनं बघत राहतील.  एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी बायकांना सांगितलं होतं, अंगारे-धुपारे कर हवं तर, पण गोळी चुकवू नको. ते सांगणं किती सोपं होतं!

शर्ट तसाच टाकून त्या उठल्या आणि सावनीच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"फोन ठेव जरा," त्या म्हणाल्या. "सावनी, तुझ्यात काही खोट नाही. खोट माझ्यात आहे."

आणि सगळं सांगितलं. मारुती, नेम, सैंधव, खलबत्ता, बरणी, डॉक्टरपुढचं ते वाक्य. मध्ये थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुढं बोलवलं नसतं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "नेम बोलून दाखवला की वाया जातो म्हणतात. मला फार भीती वाटते आहे. पण तू स्वतःला दोष देतेस ते मला ऐकवेना."

 लीलाबाईंना वाटलं, सावनी रडेल. रडली नाही. लाल झाली.

"दोन वर्षं? आणि डॉक्टरांनी विचारल्यावरही?"

"हो."

"आई, तुम्ही? तुम्हाला तर सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं!"

 लीलाबाईंनी मान हलवली. माहीत होतंच.

"माझी आई चार दिवस जेवली नाही नीट," सावनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यात एक धार होती. "तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि उद्या डॉक्टरांनाही तुम्हीच सांगायचं, माझ्यासमोर."

"सांगते."

"आणि माझ्यासाठी म्हणून काही करू नका यापुढं, मला विचारल्याशिवाय." एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं दार लोटलं.

लीलाबाईंनी शुभांगीताईंना फोन लावला. विहिणीची माफी मागायची म्हणजे काय असतं ते ज्यांनी मागितली आहे त्यांनाच ठाऊक. शुभांगीताईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आज जेवण जाईल मला." लीलाबाईंना शिव्या चालल्या असत्या, हे वाक्य फार लागलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी वेगळी वाटी काढली नाही. सगळ्यांच्या पातेल्यातली आमटी वाढून घेतली आणि भातावर ओतली. पहिला घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. मनातल्या मनात त्या मारुतीला म्हणाल्या, नेम माझा मोडला, शिक्षा काय ती मला कर. तिच्याकडे बघू नकोस. आणि घास गिळला.

सोमवारी डॉक्टर दीपालींच्या समोर खुर्चीत बसून या एकसष्ट वर्षांच्या बाईनं पुन्हा सगळं सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दूध?"

"वास सहन होत नाही तिला."

"दही, ताक?"

"मीच बंद केलं होतं," लीलाबाई म्हणाल्या.

"मग बरोबर आहे. सगळ्या वाटा बंद झाल्या." डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "सावनी, रक्ताची ती तपासणी करून घेऊ, शंका नको. पण आता मला बरंच कळतंय. थायरॉईडची गोळी चालू ठेवायची. शिवाय आयोडीन असलेली ही दुसरी गोळी. मीठ पाकिटातलं, पण नेहमीएवढंच, चमच्यानं जास्त घालून भरून काढायचं नाही. झाकण लावून ठेवा. दही-ताक रोज. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त."

"डॉक्टर," लीलाबाईंनी विचारलं, "बाळाला काही...?"

 "खरं सांगू काकू? बहुतेक काही नाही. लवकर सापडलं. पण मी लिहून नाही देऊ शकत. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन बघू, आणि मग वाढ बघत राहायची."

खोटं सांगून धीर दिला असता तर लीलाबाईंना बरं वाटलं असतं का? नसतं वाटलं.

तपासणीत बाकी काही निघालं नाही. थायरॉईड कमी पडलं की रक्तातला जो आकडा चढतो, तो चार आठवड्यांनी खाली आला, आणखी सहा आठवड्यांनी अगदी जागेवर. सावनीचं केस गळणं थांबलं, चेहऱ्यावर तजेला आला. ती लीलाबाईंशी बोलायची, पण कामापुरतं. डब्यात काय हवं ते स्वतः सांगायची, आणि लीलाबाई तेच करायच्या, एक पदार्थ जास्त नाही की कमी नाही. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी ती बसवरून गिरमिटाचा पुडा घेऊन आली, ताटलीत ओतला आणि ताटली दोघींच्या मध्ये ठेवली. "खा," म्हणाली. लीलाबाईंनी खाल्लं. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, ते बरंच झालं.

बाळंतपण माहेरी करायची रीत, पण डॉक्टर इथंच म्हणून शुभांगीताईच मळमड्डीत येऊन राहिल्या. मुलगी झाली. पावणेतीन किलोची, काळ्याभोर जावळाची, आवाज असा की मुकुंदराव बाहेरच्या बाकावरून उठून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी नर्सनं तिच्या टाचेला सुई टोचली आणि कागदावर रक्ताचे ठिपके घेतले. पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला. शुभांगीताईंनी तोंड फिरवलं. लीलाबाईंनी मात्र शेवटपर्यंत बघितलं, ते आपल्या वाट्याचं आहे असं त्यांना वाटत होतं.

तिचा तोच थायरॉईडचा आकडा वीसच्या आत हवा होता. सहा आला. सावनीनं फोनवर ऐकून मोठ्यानं सांगितलं, "सहा!" आणि सगळं घर एकदम बोलायला लागलं. श्रीहर्ष पेढे आणायला पळाला. लीलाबाई मोरीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही? आकडा आला, पेढे वाटले, झालं. पण लीलाबाईंचं मन काही संपेना. पोरीला सगळे चिंगी म्हणायला लागले. चिंगी महिन्याची झाली, दीड महिन्याची झाली, हसली. हसली ते लीलाबाईंनी कॅलेंडरवर खूण करून ठेवलं. आवाजाकडे वळते का? डोळे वस्तूमागं फिरतात का? मान धरते का? एकतीस वर्षं खेड्यांतल्या पोरांचं जे जे बघितलं ते ते त्या रोज बघायच्या. बाकीच्यांना वाटे आजी नातीला खेळवते आहे. शुभांगीताई बेळगावला परत गेल्या तेव्हा जाताना म्हणाल्यासुद्धा, "विहीणबाई, पोरीला फार लळा आहे हो तुमचा."

चिंगीला चौथा महिना लागला होता. दुपारची वेळ. सावनीची सुट्टी अजून होती, ती आंघोळीला गेलेली. लीलाबाई सतरंजीवर चिंगीसमोर बसल्या होत्या. आधी त्यांनी तिच्या डाव्या कानामागं चमच्यानं वाटी वाजवली. चिंगी वळली. मग उजव्या. वळली. मग लाल बांगडी डोळ्यांपुढून इकडून तिकडं नेली. चिंगीचे डोळे बांगडीमागं गेले, पण अर्ध्यातून परत आले. लीलाबाईंनी बांगडी पुन्हा नेली. पुन्हा अर्ध्यातून परत. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तिसऱ्यांदा बांगडी उचलली.

"आई, बास करा."

सावनी दारात उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून.

"खेळवत होते," लीलाबाई म्हणाल्या.

"खेळवत नव्हता. तपासत होता. रोज तपासता, मी बघते."

लीलाबाईंनी बांगडी मुठीत धरली.  मग म्हणाल्या, "मला भीती वाटते ग सावनी. ते अकरा आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. पोरगी हसली की मला वाटतं, आहे सगळं ठीक. आणि पुढच्याच क्षणी वाटतं, याहून जास्त हसली असती का? माझ्यामुळं हिच्यात कुठं काही कमी राहिलं असलं, तर ते कुणालाच कधी कळणार नाही. मलासुद्धा नाही."

सावनी सतरंजीवर येऊन बसली. रागावलेली नव्हती. "मलाही वाटते भीती," ती म्हणाली. "कधीकधी तुमचा रागही येतो अजून. येईल मधून मधून, त्याला इलाज नाही." तिनं चिंगीच्या पायावरचं दुपटं सारखं केलं. "पण एक सांगू? बांगडी अर्ध्यातून सोडून ती परत कुठं बघते ते तुम्ही बघितलंत का?"

"कुठं?"

"तुमच्याकडं. तीन वेळा झालं. ती तुमचं तोंड बघते आहे आई, आणि तुम्ही तिचे डोळे फिरतात का ते बघत बसलाय."

लीलाबाईंनी खाली पाहिलं. चिंगी त्यांच्याकडेच बघत होती, टक लावून, तोंड किंचित उघडं ठेवून, आता ही बाई बोलते आहे की नाही अशी वाट बघत. किती वेळापासून बघत असेल कुणास ठाऊक. लीलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बांगडी सतरंजीवर ठेवली, दोन्ही हात पुढं केले आणि पोरीला उचलून घेतलं.

"काय ग चिंगे," त्या म्हणाल्या, "काय बघतेस एवढं?"

चिंगीनं तोंडभर आवाज काढला आणि त्यांच्या नाकाला हात घातला. या वयाला असा आवाज यायला हवा की नको, हे त्या दिवशी लीलाबाईंच्या डोक्यात आलंच नाही.